हाई चाक कोनं शे?

कोजागरीच्या रात्री आम्ही जळगावात गच्चीवर बसलो होतो. पातेल्यात दूध आटत होतं आणि पातेल्याभोवती आम्ही. ऑक्टोबरातला आमचा उकाडा असा की चंद्रालाही रुमाल द्यावासा वाटतो. तेवढ्यात श्टुटगार्टहून मुलाचा व्हिडिओ कॉल आला. जाड स्वेटर घालून तो पार्किंगमध्ये उभा होता आणि बोलताना त्याच्या तोंडातून वाफ निघत होती.

"बाबा, थंडीची चाकं लावून घेतली," तो म्हणाला, "आणि तेव्हापासून गाडगं पेटलंय. विझतच नाही."

शेजारच्या काकूंना वाटलं, पोराने परदेशात मातीच्या भांड्यात काहीतरी शिजत ठेवलंय. मला मात्र लगेच कळलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. पोरगं इंजिनिअर, मी निवृत्त मास्तर. मला ठाऊक आहे आणि त्याला नाही, असं आता जगात फार थोडं उरलंय. पण गाडग्याच्या बाबतीत मी त्याला सहा महिन्यांनी सीनियर आहे.

गाडगं हा आमच्या घरातला शब्द. नव्या गाड्यांत स्टिअरिंगच्या मागे, काट्यांच्या गर्दीत, एक पिवळं चित्र पेटतं. वर तोंड उघडं, पोट फुगीर, बूड दातेरी आणि पोटात एक उद्गारचिन्ह. कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय की तो टायरचा उभा छेद आहे. आता टायर उभा कापून कोणी पाहिलाय? आमच्या घरात ते चित्र पहिल्यांदा पेटलं तेव्हा ही म्हणाली, "अहो, हे गाडगं का पेटलंय?" आणि नाव पडलं. चाकातली हवा कमी झाली की ते पेटतं, एवढंच त्याचं काम. पण एखादं काम 'एवढंच' आहे असं म्हटलं की त्यातून काय काय निघतं, ते मला आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कळलं होतं.

त्याआधी थंडीच्या चाकांचं सांगायला हवं, कारण हिने फोनवरच विचारलं, "चाकांना पण स्वेटर घालतात का रे?" तसंच म्हणायचं. साधारण सात अंशांच्या खाली पारा गेला की नेहमीच्या टायरचं रबर कडक होतं आणि रस्त्याला धरत नाही. म्हणून थंडीसाठी मऊ रबराची, खोल खाचांची वेगळी टायरं असतात. त्यांच्यावर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमाचं फूल असा शिक्का असतो. बर्फ पडलेला असताना अशा टायरांशिवाय गाडी रस्त्यावर आणली तर जर्मनीत दंड होतो, आणि 2024 च्या ऑक्टोबरपासून तर डोंगराचा शिक्का असलेलीच टायरं चालतात. टायरं रिमसकट बदलायची, म्हणजे चार चाकं उतरवायची आणि दुसरी चार चढवायची. कधी बदलायची त्याचा तिथला पाठ असा: 'ओ ते ओ'. ओक्टोबर ते ओस्टर्न, म्हणजे ऑक्टोबर ते ईस्टर. उतरवलेली चाकं फ्लॅटमध्ये ठेवणार कुठे? तर गॅरेजवाले ती सांभाळतात आणि त्या कोठाराला चक्क टायरांचं हॉटेल म्हणतात. आमचं पोरगं एका खोलीच्या घरात राहतं आणि त्याची चाकं हॉटेलात.

हसू नका. सात अंश आम्हालाही ठाऊक आहेत. धुळ्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा सहा-सातवर उतरतो, कधी त्याच्याही खाली. म्हणजे जर्मन टायर धुळ्यात रोज पहाटे दोन तास तरी कामाला येईल. दुपारी पुन्हा तीस अंश. ज्यांच्या गाडीत गाडगं आहे त्यांना तिथे एक चमत्कार दिसतो: सकाळी पेटलेलं दुपारी आपोआप विझतं. हवा थंडीने आकसते आणि उन्हाने फुगते. दर पाच-सहा अंशांना साधारण एक पौंड, हा हिशेब. हवा पौंडातच मोजायची, 'पीएसआय' वगैरे पंपावर कोणी म्हणत नाही.

आणि ऋतू बदलला की वस्तू बदलायची हेही आम्हाला नवीन नाही. आमची थंडीची चाकं म्हणजे कूलर. होळीला माळ्यावरून उतरतो, दसऱ्याला चढतो. त्यांचा 'ओ ते ओ', आमचा 'हो ते द'. दर होळीला कूलर खाली येतो तेव्हा गेल्या वर्षी ठणठणीत असलेला पंप बंद पडलेला असतो, पंख्याच्या पात्यावर कोळ्याने संसार मांडलेला असतो, आणि बटण दाबलं की मोटर अशी घुमते जणू या घरात ती पहिल्यांदाच आली आहे. सहा महिने दूर ठेवलेल्या वस्तूची ओळख पुन्हा करून घ्यावी लागते. या ओळखीवरच सगळं अडतं.

आता माझं गाडगं. आखाजीच्या दोन दिवस आधी मी आणि ही लेकीला आणायला धुळ्याला निघालो. मुऱ्हाळी म्हणून जायचं ते खरं तर भावाने, पण भाऊ श्टुटगार्टात, म्हणून बापाची बढती. गाडी नवी, लेकराच्या आग्रहाने घेतलेली. पाळधी, एरंडोल करत पारोळ्याला पोचलो. आखाजीला पितरांच्या नावाने घागर भरायची असते, ती हिने पारोळ्याच्या बाजारात घेतली. घागर कशी घेतात ते पाहण्यासारखं असतं. एका हाताच्या बोटांवर घागर तोलायची, कानाजवळ आणायची आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने टिचकी मारायची. टण्ण वाजली तर पक्की भाजलेली. थडथड वाजली तर कुठेतरी तडा. हिने सात घागरी वाजवल्या आणि आठवी घेतली. कुंभारीण काही बोलली नाही. तिलाही वाजवून घेणारं गिऱ्हाईक आवडत असावं.

पारोळा सोडलं आणि गाडगं पेटलं. बाहेर चव्वेचाळीस अंश, मला एसी बंद करायची इच्छा नाही, म्हणून मी म्हणालो, "नव्या गाडीत असे दिवे लागतातच." ही म्हणाली, "माझ्या मिक्सरचा दिवा लागला तर मी मिक्सर बंद करते." या युक्तिवादाला उत्तर नसतं. कडेच्या निंबाखाली गाडी थांबवली. डावीकडचं मागचं चाक बसत चाललं होतं.

डिकीतून व्याह्यांकडे न्यायच्या बिबड्या काढल्या, कुरडयांचा डबा काढला, सांजोऱ्यांचा डबा काढला, घागर हिच्या मांडीवर दिली आणि सगळ्यांच्या तळाशी स्टेपनी सापडली. अंगठ्याने दाबून पाहिली तर अंगठा आत जातो. शोरूममधून निघाल्यापासून तिच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं. बिचारीने सोळा महिने आमच्या बिबड्या वाहिल्या होत्या. जॅक लावला, पाना फिरवला, घामाने आंघोळ झाली, आणि अर्धपोटी स्टेपनीवर गाडी हळूहळू मुकटीपर्यंत आणली. गंमत म्हणजे चाक बदललं तरी गाडगं विझलं नाही. उलट आता चावी फिरवली की ते मिनिटभर लुकलुकायचं आणि मग स्थिर व्हायचं. जणू आधी डोळे मिचकावून बघत होतं आणि मग रागावून बसत होतं.

मुकटीला रस्त्याकडेला पंक्चरचं दुकान होतं. बाभळीला टांगलेला टायर, त्याच्यावर चुन्याने 'पंक्चर' असं लिहिलेलं, खाली पाण्याची टाकी, आणि खाटेवर टोपी घातलेले एक आबा. दुकान मुलाचं, खाट आबांची. दुकानदाराने आधी स्टेपनीत हवा भरली. मग बोट जिभेला लावून ते व्हॉल्व्हच्या तोंडावर टेकवलं आणि वाकून पाहिलं. बुडबुडा नाही आला. "पिन चांगली आहे." त्याला ना बॅटरी लागली, ना चावी फिरवावी लागली.

शेजारी केळीचा ट्रक उभा होता. क्लिनर पोरगं हातात टामी घेऊन खाली उतरलं आणि दहाही टायरांना एकेक ठोका देत ट्रकभोवती फिरलं. ठण, ठण, ठण, थप्प. थप्पपाशी ते थांबलं. ही मांडीवरची घागर सावरत म्हणाली, "मी पण असंच करते."

मग दुकानदाराने आमचा बसका टायर रिमवरून सोडवला आणि आतलं बघून थबकला. व्हॉल्व्हच्या मुळाशी, रिमला चिकटून, काडेपेटीएवढी एक काळी डबी. "हे काय ठेवलंय आत?" मी पाठ केलेलं सांगितलं. तो सेन्सर. चारही चाकांत एकेक. आत छोटी बॅटरी असते, ती पाच ते दहा वर्षं चालते, संपली की अख्खी डबीच बदलायची. ती डबी आतल्या हवेचा दाब मोजते आणि रेडिओच्या लहरींवरून गाडीला कळवते. प्रत्येक डबीला तिचा नंबर असतो, आणि गाडी फक्त तिला सांगून ठेवलेल्या चार नंबरांचं ऐकते.

आबा खाटेवर उठून बसले. आमच्याकडे कुठल्याही अनोळखी माणसाशी बोलणं सुरू होतं ते एकाच प्रश्नाने: कोनता गावना, कोना पोऱ्या. मलाही ते आल्याआल्याच विचारून झालं होतं आणि तिसऱ्या वाक्याला त्यांच्या चुलत साडूचं गाव माझ्या आत्याचं गाव निघालं होतं. आता त्यांनी पान्याने स्टेपनीकडे खूण केली.

"आनि हाई चाक कोनं शे?"

"हेही गाडीचंच आहे, आबा."

"मंग गाडी त्याले वयखत नही का?"

"नाही. त्याच्यात डबी नाही. गाडीला ते परकं वाटतं."

आबांनी थोडा विचार केला. "इतला दिन डिक्कीमा बठेल शे, तरी?"

यावर मी काय बोलणार? गाडी सोळा महिने जिला पोटात घेऊन फिरली, ती स्टेपनी अडचणीच्या वेळी चौथ्या जागेवर उभी राहिली, भार उचलला, आणि गाडी मात्र मला ओरडून सांगत होती की चौथं चाक बेपत्ता आहे. चाक चाललेलं तिला दिसत नव्हतं. नंबर लागत नव्हता, एवढंच तिला कळत होतं.

टायर काही वाचला नाही. खिळा तळात असता तर दोरी भरली असती, थोडा मोठा असता तर मशरूम पॅच लागला असता. पण कडेला चीर होती. "याला पॅच लावून पैसे घेता येतील, पण लावणार नाही," दुकानदार म्हणाला. डबी न तुटू देता त्याने टायर परत चढवला. पैसे फक्त हवेचे घेतले.

धुळ्याला लेकीच्या घरी पोचलो तेव्हा आमरस तयार होता, खापरावरचे मांडे तव्यावर नव्हे, खापरावरच होते, आणि गाडग्याची बातमी आमच्या आधी पोचली होती. जेवताना सल्ले वाढले गेले. जावई म्हणाले, बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून ठेवा, गाडी सगळं विसरते. मी म्हटलं, विसरून कसं चालेल, तिला आठवायला लावायचं आहे. शेजारचे भाऊ म्हणाले, नायट्रोजन भरा. नायट्रोजन वाईट नाही, पण साध्या हवेतही तो 78 टक्के असतोच. उरलेल्या 22 टक्क्यांसाठी किती खर्च करायचा तो ज्याचा त्याने ठरवावा. गल्लीतल्या एका अनुभवी ड्रायव्हरने सगळ्यात स्वस्त उपाय सांगितला: गाडग्यावर काळी चिकटपट्टी.

व्याही मात्र गंभीरपणे म्हणाले, "उन्हाळ्यात हवा पाच पौंड कमीच ठेवावी हो. ऊन लागलं की फुगून फुटत नाही." हे खान्देशातल्या निम्म्या माणसांचं मत आहे. ऐकायला शहाणपणाचं वाटतं आणि खरं नेमकं उलटं आहे. हवा कमी असली की टायरचं पोट रस्त्यावर जास्त दबतं, प्रत्येक फेऱ्यात वाकतं-सरळ होतं, त्या वाकण्यानेच तापतं, आणि तापलेल्या रस्त्यावर शेवटी कडेने फाटतं. दाराच्या चौकटीवर कंपनीने चिकटवलेला आकडा थंड चाकासाठी असतो, आणि चाक पळून तापल्यावर हवा चार-सहा पौंड चढणार हे त्यात धरलेलं असतं. तापलेल्या चाकातली हवा सोडून आकडा जुळवायचा नाही. हे मी व्याह्यांना सांगितलं का? छे. मुऱ्हाळ्याने व्याह्यांची चूक काढायची नसते. मी मांडा वाढून घेतला.

दुसऱ्या दिवशी धुळ्यातच नवा टायर घेतला, तीच डबी तशीच ठेवून चाक पुन्हा चढवलं. गाडगं पेटलेलंच. दुकानातला पोरगा म्हणाला, "आता चालवा. ओळखेल ती." लेकीला घेऊन निघालो. फागणं मागे पडलं आणि गाडगं गुपचूप विझलं. लेक मागून म्हणाली, "मला सासरी ओळखायला दोन वर्षं लागली होती." तिची आई घागर धरून खिडकीबाहेर बघत राहिली.

या गाडग्याचा जन्म अमेरिकेतला. टायर फुटून गाड्या उलटण्याचे अपघात तिथे फार झाले, तेव्हा 2000 साली कायदा झाला, आणि 2007 च्या सप्टेंबरपासून प्रत्येक नव्या छोट्या गाडीत हवा पंचवीस टक्क्यांनी घटली की दिवा लागलाच पाहिजे असं ठरलं. युरोपात 2014 च्या नोव्हेंबरपासून प्रत्येक नव्या कारला ते सक्तीचं झालं. आपल्याकडे ते आलं तेही आपल्या पद्धतीने, देवाणघेवाण करत. 2020 साली केंद्राने नियम बदलला: ट्यूबलेस टायर, पंक्चर काढायचं किट आणि हे गाडगं असेल तर छोट्या गाडीत स्टेपनी नसली तरी चालेल. म्हणजे गाडगं घ्या आणि स्टेपनी द्या. पारोळा ते मुकटी या रस्त्यावर दुपारी दोन वाजता कोणाला काय हवंय, हे तो नियम करणाऱ्यांनी कधीतरी विचारावं.

स्टेपनी हा शब्दही मोठा भटक्या. वेल्समधल्या लॅनेली गावात स्टेपनी नावाची गल्ली आहे. तिथे 1904 साली डेव्हिस बंधूंनी जादा चाक तयार केलं. तेव्हाच्या मोटारींना जादा चाक नसायचंच. गल्लीचं नाव चाकाला पडलं आणि चाकाबरोबर जगभर गेलं. ब्रिटनमध्ये तो शब्द आता फारसा कोणाच्या तोंडी नाही. आमच्याकडे ज्याने आयुष्यात मोटार घेतली नाही तोही स्टेपनी म्हणतो. जन्मभूमीने विसरलेला शब्द पारोळा रोडवर नांदतोय. ओळखीचं असं असतं. कोणाला कुठे ओळखतील याचा नेम नाही.

तर हा सगळा अनुभव पाठीशी घेऊन मी कोजागरीच्या रात्री गच्चीवरून श्टुटगार्टचं गाडगं तपासायला बसलो. दूध ढवळायचं काम हिच्याकडे दिलं.

"चाकात हवा कुठे भरली?" मी विचारलं.

"गॅरेजात."

"आत गरम होतं?"

"हो. वीसेक अंश असेल."

"आणि बाहेर?"

"आज सकाळी दोन."

"म्हणजे अठरा अंशांचा फरक. तीन पौंड तिथेच गेले. सकाळी गाडी हलवायच्या आधी हवा भर."

दुसऱ्या दिवशी त्याने भरली. गाडगं विझलं नाही. मी दुसरा प्रश्न विचारला, ज्याचं श्रेय मुकटीला जातं. "चावी फिरवल्यावर ते सरळ पेटतं, की आधी मिनिटभर लुकलुकतं?"

"लुकलुकतं."

"मग हवेचा प्रश्नच नाही. गाडीला चाकं ओळखीची नाहीत. चाकं कुठून आणलीस?"

तेव्हा कळलं. चाकं जुनी घेतली होती. पुण्याचं एक कुटुंब तिथला संसार आवरून परत निघालं होतं, त्यांची गाडी याच्यासारखीच, म्हणून डोंगराचा शिक्का असलेली त्यांची चारही चाकं याने घेतली. डब्या आत होत्याच. पण त्या पुणेकरांच्या गाडीच्या ओळखीच्या. आता त्या चौघी नव्या घरात येऊन आपापले नंबर सांगत होत्या आणि गाडी म्हणत होती, कोण तुम्ही? काही गाड्या थोडं चालवलं की नव्या डब्यांची ओळख आपोआप करून घेतात, काहींना ती करून द्यावी लागते, आणि काहींत तर डब्याच नसतात. हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होऊन जास्त वेगाने फिरतं, तेवढ्यावरून त्या गाड्या ताडतात. तिथे नुसतं बटण दाबून 'आता हीच चाकं आपली' असं सांगितलं की भागतं. याची गाडी मधल्या गोत्रातली.

गॅरेजवाला मोबाइलएवढं एक यंत्र घेऊन आला. एकेका व्हॉल्व्हजवळ धरलं की आतली डबी जागी होऊन नंबर सांगायची. तीन बोलल्या, चौथी बोलली नाही. तिची बॅटरी संपली होती. ती नवी बसवली, यंत्राची वायर स्टिअरिंगखाली खोचली, चार नंबर गाडीच्या कानात सांगितले. दहा मिनिटांचं काम. पोरगं म्हणालं, "बाबा, ही तर चाकांची नोंदणी झाली!" कारण तिथे माणसालाही नव्या घरात राहायला गेलं की दोन आठवड्यांत ऑफिसात जाऊन नाव-पत्ता नोंदवावा लागतो. त्याशिवाय बँक ओळखत नाही की विमावाला ओळखत नाही. याने पहिल्या वर्षी ते सगळं केलेलं. आपण इथे आहोत हे सांगायला तेव्हा तोही मिनिटभर लुकलुकलाच असेल. आम्हाला कळवलं नव्हतं इतकंच.

मला अर्थातच आनंद झाला. मास्तराला निवृत्तीनंतर असा विद्यार्थी क्वचित मिळतो. हवेचं टायर नावारूपाला आणलं ते 1887-88 मध्ये, बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टराने, तेही पोराच्या तीनचाकी सायकलला धक्के बसू नयेत म्हणून. त्याच्या चाळीसेक वर्षं आधी थॉमसन नावाच्या माणसाने तसंच टायर करून पेटंटही घेतलं होतं, पण लोक ते विसरले होते. पोरासाठी केलेलं मात्र राहिलं. हे सगळं मी मुलाला ऐकवलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाबा, तुमच्या स्टेपनीत आत्ता हवा किती आहे?"

मी गप्प. ही माझ्याकडे बघत होती, आटलेल्या दुधासारखी शांत.

आखाजीनंतर स्टेपनी परत डिकीत गेली होती. तिच्यावर आधी आंब्याची पेटी आली, मग गणपतीची आरास, मग दिवाळीसाठी आणलेलं रंगाचं सामान. सहा महिने मी गाडग्याकडे रोज पाहिलं, ते विझलेलं होतं, म्हणून निश्चिंत होतो. ज्या चाकाला डबीच नाही त्याच्याबद्दल गाडगं काय सांगणार? ते ज्यांना ओळखतं त्यांच्याचपुरतं बोलतं.

सकाळी उन्हाच्या आधी सगळं सामान काढलं. स्टेपनीत 19 पौंड होते. पाहिजेत 33.

तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या तारखेला, सकाळी, गाडी थंड असताना, मी पंपावर जातो. हवा भरणारा पोऱ्या नळी ओढत विचारतो, "काका, चारही चाकं बघायची ना?"

त्याला सांगायचं, पाच.